दोन विहिणी आणि किल्लीचे भोवरे

मंडळी, ऐका. आज फार मोठा विषय निरूपणाला घेतलेला नाही. एक साधा प्रश्न घेऊन आले आहे. तो तुमच्यापुढं ठेवते आणि मगच गोष्टीला हात घालते.

ज्याच्याशी आपलं पटत नाही, ज्याचं तोंड बघायला नको वाटतं, अशा माणसाचं काही काम पडलं तर आपण करतो. करतो की नाही? चार लोक काय म्हणतील म्हणून तरी करतो. पण पूर्ण जोर लावून करतो का? की हात राखून?

हात राखून. बघा, ते खांबाला टेकून बसलेले आजोबा खरं बोलले. बाकीच्यांनी नुसत्या माना डोलावल्या.

पंगतीतला वाढपी बघितलाय ना? आवडता माणूस पुढं आला की डाव पार तळाशी जातो, आमटी ढवळून वर येते, डाळ, फोडी, सगळं पानात पडतं. नावडता आला की? डाव वरच्या वर. पिवळं पाणी. आता तक्रार कशाची करणार? आमटी तर दोघांनाही मिळाली. पण डाव कुठपर्यंत बुडाला हे दोघांनाच ठाऊक — एक त्या वाढप्याला आणि दुसरा विटेवर उभा आहे त्याला.

तर प्रश्न असा, की नावडत्यासाठी डाव तळापर्यंत जातो का? आणि गेला तर काय होतं? विठ्ठल, विठ्ठल. बुवा, पेटी जरा हळू. गोष्ट नाजूक आहे.

कृष्णाकाठी तालुक्याचं एक गाव आहे. नाव सांगत नाही, त्यांचे पाव्हणे इथं बसलेले असायचे. नदीच्या अलीकडं पुतळाबाई मोकाशी, पलीकडं शालनबाई यादव. दोघी एकमेकींच्या विहिणी. पुतळाबाईंचा मुलगा, शालनबाईंची मुलगी.

पुतळाबाईंची पिठाची गिरण. नवरा लवकर गेला, तेव्हापासून बाईनं एकटीनं चालवली. आवाज मोठा, कारण गिरणीत हळू बोललेलं ऐकू येत नाही. शालनबाई बालवाडीच्या बाई. पंचवीस-तीस पोरांना गप्प बसवायचं म्हणजे आवाज उलट खाली आणावा लागतो, हे ज्यांनी केलंय त्यांना कळेल. मुलगा-सून गावातच वेगळे राहायचे, त्यामुळं दोघीही घरी एकट्याच. अशा या दोघी, आणि दोघींचं एकमेकींशी बोलणं बंद.

कशावरून? मंडळी, विहिणी-विहिणींचं कशावरून बिनसतं म्हणून विचारता? मानपान, लाडू, साडीचा काठ. पण इथं तसलं काही नव्हतं. इथं कारण खरोखरच दुखण्यासारखं होतं.

नातीचं बारसं. बारसं आईच्या माहेरी, म्हणजे शालनबाईंच्या घरी. नाव कुणी ठेवायचं? आत्यानं. बाळाच्या कानात पहिल्यांदा कुर्रर्र कुणी करायचं? आत्यानं. नाव ठरलं होतं रेणुका. पुतळाबाईंनी गिरण बंद ठेवून आपल्या हातानं कुंची शिवली होती, तिला मोत्यांची झालर लावली होती. लेकीला घेऊन, म्हणजे बाळाच्या आत्याला घेऊन, जीपनं निघाल्या. वाटेत चाक बसलं. पोचायला उशीर झाला. आणि अंगणात पाय ठेवतात तो आतून पाळणा ऐकू आला. बायका गात होत्या. पाळण्याच्या ओळीत नाव होतं आर्या.

नाव ठेवून झालं होतं. शेजारच्या बाईनं कानात सांगून झालं होतं. आत्या दारात उभी, हातात कुंची.

पुतळाबाईंनी उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही. लेकीचा हात धरला, कुंची पिशवीत घातली, माघारी वळल्या. ज्या बाईचा आवाज गिरणीवरून ऐकू जायचा, ती मुकाट्यानं गेली. त्या दिवसापासून नदीच्या दोन काठांना दोन नावं. अलीकडं रेणू, पलीकडं आर्या. पोरगी दोन्हीला ओ द्यायची. पोरं शहाणी असतात, भांडण मोठ्यांचं असतं.

वर्षं गेली. पोरगी शाळेत जायला लागली. आणि दैवाची गंमत बघा, साखरेच्या आजारानं दोन्ही आज्यांची मूत्रपिंडं बसली. आधी पुतळाबाईंची, मग वर्षाच्या आतच शालनबाईंची. दोघींना डायलिसिस लागलं. आता डायलिसिस म्हणजे काय हे इथल्या निम्म्या घरांना सांगायची गरज उरली नाही, ही काही चांगली गोष्ट नाही. हातात दोन सुया, नळीतून रक्त बाहेर, यंत्रात धुऊन परत अंगात. चार तास पडून राहायचं, आणि सुयांचा हात तसूभर हलवायचा नाही.

तालुक्याला डायलिसिसची खोली एकच. शालनबाईंना सकाळची पाळी मिळाली, खाट मिळाली ती कोपऱ्यातली, आणि शेजारच्या खाटेवर कोण? पुतळाबाई.

देवाला विनोद कळत नाही असं कोण म्हणतं?

शालनबाई सिस्टरला म्हणाल्या, "दुसरी खाट नाही का?" सिस्टर म्हणाली, "आजी, खाट मिळाली हेच नशीब समजा." ही सिस्टर माझ्या आत्याची सून. म्हणून तर ही गोष्ट मला आतल्या बाजूनं ठाऊक. तिनं सांगितलं, दोघी छताकडं बघत पडायच्या. यंत्र घुर्र घुर्र करायचं. पंखा फिरायचा. एकीला खोकला आला तर दुसरी डोळे मिटून घ्यायची. आठवड्यातून तीनदा, आणि शब्द एकही नाही.

आता पोरगी आली गोष्टीत. रेणू म्हणा, आर्या म्हणा. मी सोयीसाठी नुसतं पोरगी म्हणते. मला दोन्ही काठांवर कीर्तनं करायची असतात.

तर पोरगीला नाद कशाचा? लढाईच्या भोवऱ्यांचा. आपल्या वेळचा भोवरा लाकडाचा. खाली लोखंडी आर, अंगाला जाळी, म्हणजे दोरी, गुंडाळायची, हवेत फेकायचा, तळहातावर झेलायचा. आताचा तसा नाही. आताचा चपटा, प्लॅस्टिकचा, कडेला पत्र्याचं कडं. एका खटक्यात बसवायचा. खटक्यात एक दातेरी पट्टी असते, ती सर्रकन ओढायची. भोवरा सुटतो आणि खोलगट परातीत समोरच्या भोवऱ्यावर जाऊन आदळतो. जो आधी थांबेल किंवा परातीबाहेर उडेल तो हरला. आई-बाप दोघंही पोरगीच्या या नादाला कंटाळलेले.

जत्रेत एका गाड्यावर तिला काय दिसलं? तेच भोवरे, पण एवढुसे. रुपयाच्या नाण्याएवढे. वर कडी, किल्ली अडकवायला साखळी, साखळीलाच चिमुकला खटका आणि आगकाडीएवढी पट्टी. आणि नुसते शोभेचे नाहीत हं. खरे फिरायचे, खरे लढायचे. पोरगीनं दोन घ्यायला लावले. एक लाल, एक हिरवा. लाल दिला गिरणवाल्या आजीला. हिरवा दिला बालवाडीवाल्या आजीला. दोघींना एकच गोष्ट सांगितली.

"आजी, तिथं मुलांना आत सोडत नाहीत. म्हणून तुम्हीच खेळायचं. कोण जिंकलं ते मला येऊन सांगायचं."

पुतळाबाई म्हणाल्या, "मी कुटं खेळू गं, म्हातारी?"

"एवढासाच तर आहे आजी. तुझ्या मुठीत मावतो."

आता नातीला नाही कोण म्हणणार? पण विहिणीशी बोलणार तरी कोण? मग दोघींनी काय केलं असेल? तेच, जे तुम्ही-मी केलं असतं. संध्याकाळी पोरगीनं फोन केला. पुतळाबाई म्हणाल्या, "मी जिंकले." पोरगीनं दुसरा फोन लावला. शालनबाई म्हणाल्या, "बाळ, मी जिंकले."

पोरगी म्हणाली, "दोघी जिंकल्या? मग हरलं कोण?"

शालनबाई जेवलीस का विचारायला लागल्या. पोरगी म्हणाली, "खेळलाच नाहीत तुम्ही." आणि रडली नाही, रुसली नाही, नुसता फोन ठेवला. पोरानं आरडाओरडा केला तर चालतो हो. पोर शहाण्यासारखं गप्प झालं की आत काहीतरी तुटतं.

पुढच्या पाळीला दोघी आल्या. सुया लागल्या, यंत्र सुरू झालं. मधल्या चाकाच्या टेबलावर एक रिकामा स्टीलचा ट्रे होता. त्या ट्रेचा आकार कसा असतो माहीत आहे? मूत्रपिंडाचा. नावच त्याचं किडनी ट्रे. दवाखान्यात सगळीकडं असतो. कडा उभ्या, तळ खोलगट. भोवऱ्याला याहून चांगलं मैदान कुठलं?

पुतळाबाईंनी उशीखालून किल्ल्या काढल्या. गिरणीच्या किल्ल्या, आणि त्यात तो लाल भोवरा. शालनबाईंनी तिरक्या नजरेनं बघितलं. मग त्यांनीही आपली किल्ली काढली. हिरवा भोवरा.

आता गंमत ऐका. खटका धरायला एक हात लागतो. पट्टी ओढायला दुसरा हात लागतो. आणि दोघींचा एकेक हात यंत्राला बांधलेला. शालनबाईंचा डावा बांधलेला, उजवा मोकळा. पुतळाबाईंचा उजवा बांधलेला, डावा मोकळा.

पुतळाबाई जिद्दीच्या. खटका मोकळ्या हातात धरला आणि पट्टी दातांत धरून ओढली. काय झालं? पट्टी जागेवर, कवळी बाहेर. सगळी खोली हसली. पलीकडच्या कोपऱ्यातला एक माणूस इतका हसला की त्याचं यंत्र वाजायला लागलं. पुतळाबाईंनी कवळी परत बसवली आणि भिंतीकडं तोंड केलं.

शालनबाईंनी खटका मांडीखाली दाबून बघितला. भोवरा सुटला तो थेट खाटेखाली. सिस्टरनं वाकून काढून दिला आणि म्हणाली, "आजी, मला सहा पेशंट आहेत. रोज रोज खाटेखाली शिरायला जमणार नाही."

थोडा वेळ गेला. पंखा फिरतोय, यंत्र चाललंय. आणि शालनबाईंनी आपला मोकळा हात लांब केला. खाटांच्या मधल्या जागेत. हातात हिरव्या भोवऱ्याचा खटका, पट्टीचं टोक विहिणीच्या बाजूला.

पुतळाबाईंनी भुवया उंचावल्या.

शालनबाई म्हणाल्या, "ओढा."

मंडळी, इतक्या वर्षांनंतर पहिला शब्द. क्षमा करा नाही, चुकलं नाही, कशा आहात नाही. ओढा.

आता इथं थांबा जरा. मी काय सांगितलं ते ध्यानात घ्या. भोवरा कुणाचा? शालनबाईंचा. पट्टी कुणाच्या हातात? पुतळाबाईंच्या. म्हणजे ज्या भोवऱ्याशी आपल्याला लढायचं आहे, ज्याला हरवायचं आहे, त्याच भोवऱ्याला वेग आपण द्यायचा. हळू ओढली तर? तो मरतुकडा फिरणार, आपण जिंकणार. कुणाला कळणार? कुणालाच नाही. म्हणायचं, डावा हात आहे बाई, म्हातारी आहे मी. कपटाला एवढी सोय देवानं कधी कुणाला दिली नसेल. त्यात बारशाच्या दिवशी दारातून परत आलेली बाई ती. तुम्ही काय केलं असतं? सांगू नका. मनात ठेवा.

सिस्टर सांगते, पुतळाबाईंनी पट्टीचं टोक चिमटीत धरलं. थांबल्या. विहिणीच्या तोंडाकडं बघितलं. आणि अशी ओढली, अशी ओढली, की हिरवा भोवरा ट्रेमध्ये पडला तो गुणगुणायला लागला. मधमाशीसारखा.

शालनबाई बघतच राहिल्या. त्यांना वाटलं होतं, हळूच ओढतील. मग पुतळाबाईंनी लाल खटका पुढं धरला. शालनबाईंनी तोही तसाच ओढला, दंड भरून येईपर्यंत. दोन्ही भोवरे ट्रेमध्ये. टण. टण. हिरवा उडाला आणि पुतळाबाईंच्या पोटावर जाऊन पडला.

"हरलात," पुतळाबाई म्हणाल्या.

"माझा आधी सोडला होता, म्हणून दमला होता," शालनबाई म्हणाल्या. "आता तुमचा आधी."

भांडण सुरू झालं. आणि मंडळी, इतक्या वर्षांत त्या दोघींमधली हीच पहिली चांगली गोष्ट, की त्या भांडल्या.

देव आणि दैत्यांनी समुद्र घुसळला, आठवतंय ना? मंदार पर्वताची रवी, वासुकीची दोरी. देव काय थोडे होते का? तेहतीस कोटी. एवढे असून एकट्यांना जमलं का? रवी एका बाजूनं ओढून फिरत नाही. घरी ताक केलंय ना बायांनो? दोरीचं दुसरं टोक धरायला कुणीतरी लागतं. आणि देवांसमोर दुसरं टोक धरायला कोण होतं? ज्यांच्याशी वैर, तेच. देवांनाही हे चुकलं नाही, तर विहिणींना कुठून चुकणार? बोला, विठ्ठल, विठ्ठल.

मग रोजचं झालं. पाळीला आल्या की दोन डाव. एकदा हिचा आधी, एकदा तिचा आधी. संध्याकाळी पोरगीचे फोन. आता दोन्हीकडून उत्तर एकच यायचं. "आज लाल." "हो बाळ, आज लाल." पोरगी खूश. खेळता खेळता बोलणंही वाढलं. पाणी मोजून प्यायचं म्हणून घसा सुकतो, त्यावर बर्फाचा खडा बरा की लिंबाची फोड? जावई रात्री जेवतो का वेळेवर? लेक चिडचिड फार करते का? बारशाचा विषय मात्र दोघींनी काढला नाही. त्याच्या कडेकडेनं चालायच्या, जसं ओल्या शेणावरून पाय वाचवत चालावं.

आणि एक दिवस शालनबाई आल्या नाहीत.

पुतळाबाईंनी वाट बघितली. म्हटलं, बरं नसेल. पुढच्या पाळीलाही खाट रिकामी. सिस्टरला विचारलं. सिस्टर म्हणाली, "फोन केला होता. म्हणतात, आता नाही यायचं. मुलीला सांगू नका म्हणाल्या, तिला वाटतंय मी येतेय. आजी, दोन पाळ्या चुकल्या की अंगात पाणी भरतं. मी डॉक्टरांना सांगितलंय, आज मुलीला कळवणारच आहे."

पुतळाबाई चार तास पडून होत्या. सुया निघाल्या. मुलगा न्यायला यायचा होता, थांबल्या नाहीत. बाहेर येऊन रिक्षात बसल्या. रिक्षावाला ओळखीचा. म्हणाला, "गिरणीवर ना, मावशी?"

"न्हाई. पुलापलीकडं चल."

डायलिसिस झाल्यावर माणसाच्या अंगात त्राण नसतं. घरी जाऊन पडायचं असतं. ही बाई रिक्षाचा दांडा धरून नदीपार गेली. शालनबाईंच्या अंगणात उतरली. तेच दार, तोच उंबरा. त्या दिवशी इथूनच माघारी फिरली होती. पदर डोक्यावरून घेतला, उजवा पाय उंबऱ्याच्या आत टाकला आणि हाक मारली, "विहीणबाई, हाय का घरात?"

शालनबाई भिंतीला उशी लावून बसल्या होत्या. आडवं पडलं की दम लागायचा. पाय सुजून चिंध्यांच्या गाठोड्यासारखे झालेले. त्यांनी वर बघितलं आणि म्हणाल्या, "तुम्ही? आत आलात?"

"आले. उठा. रिक्षा दारात उबी हाय."

"नाही हो." शालनबाई थांबत थांबत बोलत होत्या. "कंटाळा आला. एक दिवस यंत्र, दुसरा दिवस त्याची ग्लानी, तिसऱ्या दिवशी परत यंत्र. लेक तिच्या संसारात आहे. मी कुणासाठी टोचून घेऊ?"

आता इथं सगळे काय म्हणतात? नातीसाठी जगा. देवानं दिलंय ते भोगा. मन घट्ट करा. मीही हेच म्हटलं असतं, कीर्तनकार पडले ना. पुतळाबाईंनी यातलं काही म्हटलं नाही. त्या विहिणीशेजारी जमिनीवर बसल्या. मांडी घातली. म्हणाल्या, "बरं. मग मी बी न्हाई जात."

"म्हणजे?"

"मला काय हौस हाय व्हय त्या सुयांची? मी बी हितंच बसते. दोघी मिळून फुगू."

शालनबाईंना हसू आलं. हसताना खोकला आला. खोकता खोकता डोळ्यांतून पाणी आलं. ते कशाचं होतं कुणास ठाऊक. मग म्हणाल्या, "विहीणबाई, त्या दिवसाचं सांगू का?"

"कुठल्या?"

"बारशाच्या. पोरगी जन्मली तेव्हा निळी होती. रडली नव्हती. दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवलं होतं तिला. तुम्हाला सांगितलं होतं, थोडी अशक्त आहे. खरं सांगितलं नव्हतं, तुम्ही घाबराल म्हणून, आणि लेक-जावयालाही सांगू दिलं नव्हतं. मी देवाला बोलले होते, वाचू दे, बाराव्या दिवशी सूर्य मावळायच्या आत तिचं नाव ठेवीन, एक क्षण टळू देणार नाही. तुमची जीप येईना. दिवस बुडायला आला. रेणुका नाव आत्याच्या तोंडचं, ते दुसऱ्या कुणी कसं ठेवायचं? म्हणून तोंडाला येईल ते ठेवलं. मला वाटलं, तुम्ही आलात की आत्या परत तिचं नाव ठेवील. पण तुम्ही उंबऱ्यातूनच..."

पुतळाबाईंनी डोक्यावरचा पदर मागं सारला. मग म्हणाल्या, "हे तवाच का न्हाई सांगितलं?"

"कुणाला सांगू? तुमची पाठ दिसत होती."

"हाक मारायची."

"आवाज फुटला नाही."

"माजा तर फुटला असता की. मी का न्हाई इचारलं?" पुतळाबाई हळूच म्हणाल्या. "कुंची अजून ट्रंकेत हाय. झालरीचा एक मोती सुटलाय."

बस्. एवढंच. कुणी कुणाच्या पाया पडलं नाही. पुतळाबाईंनी एक हात विहिणीच्या काखेत घातला, दुसरा रिक्षावाल्यानं घातला. शालनबाई उठल्या.

रिक्षावाल्यानं निघतानाच फोन केला होता, म्हणून दवाखान्यात सिस्टरनं यंत्र मोकळं करून ठेवलं होतं. शालनबाईंना नाकात प्राणवायूची नळी लावली, सुया लावल्या. श्वास घरघर वाजत होता. मुलगी, जावई धावत आले, बाहेर बाकावर बसले. आत एकालाच परवानगी. लेकीनं सासूकडं बघितलं आणि म्हणाली, "आई, तुम्हीच बसा आत."

आणि आता ऐका. या वेळी पुतळाबाई पेशंट नव्हत्या. स्टुलावर बसल्या होत्या. दोन्ही हात मोकळे. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्या खोलीत दोन्ही हात मोकळे. किल्ल्या कमरेला. टेबलावर ट्रे. मनात आणलं असतं तर खटका एका हातात धरून दुसऱ्यानं पट्टी ओढता आली असती. कुणाची गरज नव्हती.

त्यांनी किल्ल्या काढल्या नाहीत. विहिणीचा मोकळा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि यंत्र थांबेपर्यंत धरून ठेवला.

शालनबाई त्यातून वाचल्या. कीर्तनात बसून खोटं सांगणार नाही, कायमच्या नाही वाचल्या. या आजारात कोण कायमचं वाचतं? पण त्यानंतर दोन उन्हाळे बघितले त्यांनी. डॉक्टरांना विचारून आंब्याची एकेक फोड खाल्ली. पोरगीला सायकल आली ती ओसरीवर बसून बघितली. एका दिवाळीला अलीकडच्या घरी फराळाला आल्या आणि चकली बिघडलीय असं तोंडावर सांगून गेल्या. डाव चालूच होते. कोण पुढं, कोण मागं, याचा हिशेब पोरगीनंही ठेवायचा सोडून दिला. मग एका थंडीत, झोपेतच, शालनबाई गेल्या. तेरावा झाला तेव्हा त्यांच्या किल्लीचा हिरवा भोवरा पोरगीनं आणून गिरणवाल्या आजीच्या किल्ल्यांत अडकवला.

पुतळाबाईंना पाळी चुकवता येत नव्हती. गेल्या. शेजारची खाट रिकामी राहत नसते हो, बाहेर रांग असते. त्या खाटेवर नवीन माणूस होता. चाळिशीचा, भरदार मिशांचा, कुठल्याशा कारखान्यावर पहारेकरी. मिशा एवढ्या आणि चेहरा पांढराफटक. डोळे घट्ट मिटलेले. पहिली सुई लागताना बायकोला हाक मारली, पण बायको काचेच्या बाहेर. मोकळ्या हातानं गादीची कडा घट्ट धरून ठेवलेली.

विहिणीशी एक शब्द बोलायला या बाईला वर्षं लागली होती. या वेळी सिस्टरनं त्याच्या सुईवर चिकटपट्टी लावेपर्यंतसुद्धा ती थांबली नाही.

"पयलाच दिवस का रं बाबा?"

त्यानं डोळे उघडले, मान हलवली.

"भ्याचं न्हाई. एक हात मोकळा हाय न्हवं? मग झालं तर." आणि तिनं हिरवा भोवरा त्याच्याकडं सरकवला.

विठ्ठल, विठ्ठल. बुवा, आता पेटी सोडा मोठी.

मंडळी, मघापासून मी तुमच्याकडं बघतेय. मला या गावातलं काही माहीत नाही, पण कीर्तन सुरू व्हायच्या आधी माणसं कशी बसतात ते मला कळतं. एक जण आला, त्यानं जागा बघितली, जवळच कुणीतरी बसलेला दिसला आणि तो मुकाट्यानं खांबाच्या पलीकडं जाऊन बसला. बायकांतही तेच झालं. मी नावं घेत नाही. ज्याचं त्याला ठाऊक. तो खांबापलीकडचा माणूस आहे ना, तो काही तुमच्याशी गोड बोलणार नाही. कदाचित त्याचीच चूक असेल. कदाचित दोघांचीही नसेल, कुणाची तरी जीप मध्येच थांबली असेल. ते शोधायला मी आलेले नाही.

आता आरती होईल. प्रसाद वाटायचाय, चार वाढपी लागतील. ज्यांना तो खांबापलीकडचा माणूस आठवला, त्यांनी उठायचं आणि द्रोण घेऊन त्याच्याकडं आपण जायचं. आणि जाताना डाव तळापर्यंत बुडवायचा. त्यानं तोंड फिरवलं तर फिरवू दे. द्रोण त्याच्यासमोर ठेवून या.

चला, उभे राहा. आजोबा, तुम्हीसुद्धा.